सैतानास जागा कोण देतो?

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ४:२५–३२, प्रेषितांची कृत्ये १९:११–२०



खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये फिरत असता उपदेशकास जो प्रश्न वारंवार विचारण्यात येतो तो हा की, बाप्तिस्मा झालेल्या माणसास भूत लागते काय? कोणी तो उपासनेनंतर सर्वांदेखत विचारतो. बहुतेक जण मात्र ओसरीच्या कडेला नेऊन हळूच विचारतात, आणि तेव्हा समजावे की त्यांच्या घरी कोणी तरी आजारी आहे, किंवा कालच कोणी शेजाऱ्याने "हे बाहेरचे दिसते" असे सांगून त्यांची झोप उडविली आहे. ह्या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न असतो, तो पुष्कळांस ओठांवर आणता येत नाही. मी प्रभूचा झालो, तरी माझा राग का जात नाही? माझी बाटली का सुटत नाही? माझ्यामध्ये अजून काही बसलेले आहे काय?

ह्या दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यास इफिस येथील मंडळीसारखी दुसरी मंडळी नाही. इफिस हे आजच्या तुर्कस्थानाच्या पश्चिम किनाऱ्याकडील एक मोठे बंदर होते. तेथील अर्तमी देवीचे देऊळ प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक गणले जात असे, आणि तिचे रुप्याचे लहान देव्हारे घडवून विकण्यावर कित्येक कारागिरांची पोटे चालत. मंत्रतंत्राविषयीही ह्या शहराची ख्याती होती. 'इफिसी अक्षरे' ह्या नावाने प्रसिद्ध असलेले काही अर्थहीन शब्द लोक पुटपुटत किंवा लिहून ताईतात घालून अंगावर बाळगीत. आपल्याकडे गळ्यात गंडा असतो आणि दंडाला काळा दोरा असतो, तसेच ते समजा.

अशा शहरात पौल दोन वर्षे तुरन्नाच्या पाठशाळेत दररोज बोलत राहिला. तेथे स्किवा नावाच्या याजकाचे सात पुत्र होते. त्यांनी पाहिले की येशूच्या नावाने दुरात्मे निघतात. तेव्हा तेही ते नाव एखाद्या नव्या मंत्राप्रमाणे वापरू लागले. परिणाम काय झाला हे तुम्ही वाचलेच आहे. ज्याच्यावर ते नाव चालवावयास गेले त्यानेच त्यांना झोडपले, आणि ते उघडे व घायाळ होऊन घराबाहेर पळाले. प्रभूचे नाव म्हणजे देवऋष्याच्या पोतडीत घालावयाची आणखी एक मुळी नव्हे, एवढे तरी त्या दिवशी शहरास कळले.

परंतु त्यापुढे लूकाने जे लिहिले आहे त्यावरून आपण घाईने पुढे जातो. ह्या प्रसंगाची वार्ता पसरल्यावर पुष्कळ जण येऊन आपली कृत्ये कबूल करू लागले. हे कोण? रस्त्यावरचे जादूगार? नव्हे. ज्यांनी अगोदरच विश्वास ठेवला होता, ते लोक. म्हणजे मंडळीत बसणारे, प्रार्थना करणारे हे बंधुजन घरी मंत्राच्या पोथ्या राखून होते! असेही एखाद्या वेळी उपयोगी पडेल, असू द्यावे एका कोपऱ्यात, असा त्यांचा विचार असावा. त्या पोथ्या आणून त्यांनी सर्वांदेखत जाळल्या. किंमत मोजली ती पन्नास हजार रुप्याची नाणी भरली. असे एक नाणे म्हणजे त्या काळी साधारणपणे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका मजुराने एकही खाडा न करता सुमारे १३७ वर्षे राबावे, इतकी ती रक्कम होते! त्यांनी त्या विकल्या नाहीत, हेही ध्यानात घ्या. विकल्या असत्या तर जे आपल्या घरातून काढले तेच शेजाऱ्याच्या घरात घातले असते.

मी अशी घरे पाहिली आहेत की ज्यांच्या भिंतीवर प्रभूचे वचन टांगलेले आहे आणि चौकटीला लिंबू-मिरचीही टांगलेली आहे. विचारले तर म्हणतात, "मास्तर, ते सासूबाईंनी बांधले." बरे, सासूबाईंनी बांधले, पण सोडावयास सासूबाईंनीच यावे काय?

आता पुढील गोष्ट पाहा. काही वर्षांनंतर पौलाने ह्याच मंडळीस पत्र लिहिले. (काही अतिप्राचीन हस्तलिखितांत पत्राच्या आरंभी 'इफिस' हे नाव नाही, त्यामुळे ते आसपासच्या इतर मंडळ्यांसही वाचावयास पाठविलेले असावे असे अनेक विद्वान मानतात. त्याने आपल्या विचारास बाध येत नाही.) ज्या लोकांत भुताखेतांचा व मंत्रांचा एवढा बाजार होता त्यांस लिहिताना पौलाने अंधाराच्या सत्ता खोट्या आहेत असे म्हटले नाही. सहाव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की आपले झगडणे रक्तमांसाच्या माणसांशी नसून दुष्ट आत्म्यांच्या बळाशी आहे. मग सैतान विश्वासणाऱ्याच्या जीवनात कोठून शिरतो म्हणून तो सांगतो? स्मशानातून? तिकाटण्यावरच्या उताऱ्यातून? अमावस्येच्या रात्री पिंपळाखालून? ह्यांपैकी एकाही ठिकाणाचे नाव त्या पत्रात नाही. चौथ्या अध्यायात तो म्हणतो की राग आला तर तो सूर्यास्तापलीकडे राखू नये, आणि लगेच त्यास जोडून सांगतो की सैतानास जागा देऊ नये. मूळ ग्रीक भाषेत येथे साधा 'जागा' असाच शब्द आहे. घरात पाहुण्यास बसावयास देतो, तशी जागा. ती सैतान घेतो असे पौल म्हणत नाही. ती आपण देतो.

ह्याच वाक्यात सैतानासाठी जो ग्रीक शब्द घातला आहे त्याचा अर्थही समजून घेण्यासारखा आहे. त्याचा मूळ अर्थ चहाडखोर, खोटा आरोप करणारा असा होतो. राखून ठेवलेला राग आणि चहाडखोर ह्यांची गाठ पौलाने का घातली, हे मला पुस्तकांतून समजले नाही. ते ज्या प्रकारे समजले ते सांगतो, आणि त्यात माझा दोष आहे तोही झाकीत नाही.

मी तरुण उपदेशक असता एका खेड्यातून मला रात्री बोलावणे आले. दोघे सख्खे भाऊ, दोघेही आमच्या मंडळीचे सभासद. थोरल्याची बायको अंग टाकून पडे, दातखिळी बसे, तोंडास फेस येई. मी गेलो तेव्हा घरात माणसांची दाटी झाली होती. मी मोठ्याने प्रार्थना केली. खरे सांगावयाचे तर प्रार्थनेपेक्षा ओरडणेच अधिक केले. दुरात्म्यास नाव विचारले, निघून जाण्याची आज्ञा केली. थोड्या वेळाने ती बाई शांत झाली व झोपी गेली. लोकांनी देवाची स्तुती केली, आणि मी मनात फुगून घरी आलो. आठव्या दिवशी तिला पुन्हा झटका आला.

मग कोणी तरी बोलले की देवाच्या माणसाने काढलेले परत आले, त्या अर्थी ही करणी आहे. करणी म्हटली की करणारा पाहिजे. दोघा भावांत तीन वर्षांपासून बांधाचा तंटा होता, तेव्हा करणारा शोधावयास लांब जावे लागले नाही. धाकट्याच्या बायकोचे नाव पुढे आले. ती निरक्षर बाई, दर रविवारी मुलांस घेऊन उपासनेस येणारी. पाणवठ्यावर बाया तिच्यापासून घागर दूर धरू लागल्या. तिच्या मुलास शाळेत पोरे नको ते बोलू लागली. आणि ह्या सर्वांत पुढे कोण होते? आमच्या मंडळीचीच माणसे, आणि त्यांच्या तोंडी माझ्या त्या रात्रीच्या प्रार्थनेची साक्ष होती!

शेवटी आमच्या पाळकसाहेबांनी आजारी बाईस तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेवविले. डॉक्टरांनी तपासून फेफऱ्याचा आजार ठरविला व रोज घ्यावयाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झटके आटोक्यात आले. परत येताना पाळकसाहेब मला एवढेच म्हणाले, "त्या घरात सैतान नव्हता असे मी म्हणत नाही. तुम्ही त्याला चुकीच्या माणसात शोधलेत."

बंधुजनहो, हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. आजारी बाई बिचारी आजारी होती. चहाडखोर बसला होता तो तीन वर्षे राखलेल्या रागात. आणि तेथून तो पाणवठ्यावर, शाळेत व मंडळीच्या बाकांपर्यंत पसरला, तो देखील देवाच्या नावाने.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्या दुखणाइतांची यादी आहे. तीत भूतग्रस्त निराळे सांगितले आहेत, फेफरेकरी निराळे आणि पक्षघाती निराळे. सतराव्या अध्यायात एका मुलाच्या ठायी झटके व दुरात्मा ही एकत्र सांगितली आहेत, हे मी जाणतो. परंतु तेथे पारख करणारा प्रभु स्वतः होता. तुमच्या माझ्यासारख्याने आजाऱ्याजवळ जाऊन प्रार्थना करावी, हात धरावा, आणि त्याच दिवशी त्यास दवाखान्यात पोहोचवावे. प्रार्थनेचे निमित्त करून औषध बंद करविणारा उपदेशक देवाचे काम करीत नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. मारणाऱ्याच्या हातात कोणाचे पुस्तक आहे, हे तो कायदा विचारीत नाही. आणि विचारू नये हेच योग्य.

तर मग विश्वासणाऱ्यावर सैतानाचा ताबा असू शकतो काय? पौल पहिल्याच अध्यायात सांगतो की ज्यांनी विश्वास ठेवला त्यांवर पवित्र आत्म्याचा शिक्का झाला आहे. शिक्का म्हणजे मालकीची खूण. तुमच्या शेताच्या सात-बाऱ्यावर जसे तुमचे नाव असते, तसे तुमच्या जिवावर ख्रिस्ताचे नाव लागले आहे, आणि हा फेरफार त्याच्या रक्ताने झालेला आहे; तो रद्द करण्याचा अधिकार नरकातील कोणाही सत्तेस नाही. ह्यास्तव ख्रिस्ताच्या माणसाने भुताच्या भीतीने थरथरणे म्हणजे आपल्याच शेतात परक्यास खंड भरण्यासारखे आहे. परंतु शेतकऱ्यास हेही ठाऊक आहे की सात-बारा आपल्या नावे असूनसुद्धा शेजारी बांध कोरतो. तो एका रात्रीत शेत गिळत नाही. दर नांगरटीला एक तास आत घेतो. मालक म्हणतो, जाऊ द्या, एका तासाचे काय ते भांडण! पाच-दहा वर्षांनी पाहावे तर बांध निम्मा उरलेला असतो आणि बोरीचे झाड पलीकडे गेलेले असते. सैतानाचे विश्वासणाऱ्याशी वागणे हे असे आहे. मालकी त्याची होत नाही, पण आपण बघत राहिलो तर पीक तो काढतो.

पेत्राचेच पाहा. फिलिप्पाच्या कैसरियाजवळ ज्या तोंडाने त्याने येशू हा ख्रिस्त आहे असे कबूल केले, त्याच तोंडाने थोड्या वेळाने प्रभूस वधस्तंभाच्या मार्गापासून परतविण्याचा प्रयत्न केला, आणि प्रभूने त्यास सैतान म्हणून मागे सारले. पेत्र झपाटला होता काय? नाही. त्याने आपल्या जिभेची जागा थोडा वेळ दुसऱ्यास दिली. म्हणून त्याला बांधून धुरी द्यावी असे कोणास सुचले नाही. त्याला वाग्दंड मिळाला, आणि तो शिष्यच राहिला.

येथे आणखी एक बोलणे अवश्य आहे, कारण आपल्यातील काही जण ह्या शिकवणीचा सोयीस्कर उपयोग करतात. दारू पिऊन बायकोस मारावे, आणि सकाळी म्हणावे की मास्तर, माझ्यात दारूचे भूत आहे, ते काढा. पौल गलतीकरांस लिहिताना दारूबाजी, वैर, मत्सर, राग आणि चेटूकही, ही सर्व देहाची कर्मे म्हणून एका ओळीत गणतो. देहाच्या कर्मास उतारा नसतो. त्यास पश्चात्ताप पाहिजे. याकोब सांगतो की जो तो आपल्याच वासनेने ओढला जातो. हनन्याने जमिनीच्या पैशांविषयी लबाडी केली तेव्हा पेत्र त्यास प्रथम विचारतो की सैतानाने तुझे मन का भरविले; आणि त्याच दमात दुसरा प्रश्न विचारतो की तू हे आपल्या मनात का आणिलेस. दोन्ही प्रश्न एकाच माणसास, आणि उत्तर त्यालाच द्यावयाचे होते. एदेन बागेत हव्वेने सर्पाकडे बोट दाखविले, आदामाने हव्वेकडे. आणि बागेबाहेर तर दोघांनाही जावे लागले.

ज्याचे व्यसन सुटत नाही त्याने मात्र माझ्या ह्या बोलण्याने निराश होऊ नये. पापाशी तुझे अजून भांडण चालले आहे, हीच तुझ्यातील आत्म्याच्या जीवनाची खूण आहे. मेलेला माणूस प्रवाहाविरुद्ध हातपाय मारीत नाही. तू पडलास तर ऊठ, आणि एकटा उठू नकोस. मंडळीतील एका विश्वासू भावास आपले खरे सांग, आणि दवाखान्यात व्यसनावर उपाय होत असेल तर तोही लाज न बाळगता कर.

वाढीविषयी पौल जे शिकवितो त्यात केवळ 'सोडा' एवढेच नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायातील प्रभूचा दृष्टांत आठवा. दुरात्मा निघून गेला, घर झाडले, सारवले, आणि रिकामेच ठेवले. तेव्हा तो आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन परत आला. कित्येक नवख्रिस्ती घरांची अशी स्थिती आहे. देव्हारा उचलला, जत्रा सोडली, अंगारा बंद झाला. पण त्या जागी आले काय? संध्याकाळची प्रार्थना आली काय? एकत्र वाचन आले काय? म्हणूनच पौल चोरास केवळ चोरी टाक असे सांगून थांबत नाही. आपल्या हातांनी कष्ट कर, म्हणजे गरजवंतास द्यावयास तुझ्यापाशी काही असेल, असे सांगतो. ज्या हाताने उचलले त्याच हाताने वाटावे, तेव्हा कोठे ती जागा भरली म्हणावयाची. खोटे टाकून गप्प बसावे असेही नाही, शेजाऱ्याशी खरे बोलावे. कडूपणा काढल्यावर तेथे क्षमा ठेवावी. ही वाढ बाजरीच्या पिकाप्रमाणे तीन महिन्यांत डोळ्यांत भरत नाही. आंब्याच्या कोयीप्रमाणे तिला वर्षे लागतात, आणि कित्येक वर्षे तर शेळीपासून राखण्यातच जातात.

इफिस येथील मंडळीचे पुढे काय झाले, तेही शास्त्रात आहे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभु तिच्या श्रमाची व धीराची वाखाणणी करतो. खोटे प्रेषित तिने पारखून काढले होते. पोथ्या जळल्या त्या जळल्याच. पण पहिली प्रीती तिने टाकली होती, आणि ती परत आली नाही तर समई तिच्या जागेवरून काढली जाईल, असा इशारा तिला मिळाला. आज त्या ठिकाणी शहर नाही. मोठे नाट्यगृह व संगमरवरी रस्ते पाहावयास प्रवासी जातात, आणि समुद्र तेथून कित्येक किलोमीटर दूर गेला आहे. त्या शहरावर शत्रूंचे घाले आले, भूकंपही झाले. पण त्याचा व्यापार मुख्यतः बुडाला तो नदीने दरवर्षी आणलेल्या गाळाने बंदर भरून गेल्यामुळे. गाळ येतो तेव्हा त्याचा आवाज होत नाही.

त्या दोघा भावांचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. रुग्णालयातून आल्यावरही थोरल्याने पुष्कळ दिवस काही केले नाही. त्या महिन्याच्या प्रभुभोजनापूर्वी पाळकसाहेबांनी मंडळीत चौथा अध्याय वाचला, त्यावर एक शब्द न बोलता पुस्तक मिटले, आणि भाकर व प्याला तसाच झाकून ठेवून म्हणाले की आज सूर्यास्तापर्यंत वाट पाहू. लोक बसून राहिले. कोणी चुळबुळले, कोणी उठून गेले. दिवस कलता कलता थोरला उठला आणि धाकट्याच्या घरी गेला. मीही मागोमाग गेलो, कारण मलाही त्या बाईची क्षमा मागावयाची होती.

थोरला दारातच उभा राहिला. म्हणाला, "मी तुझ्या बायकोवर खोटे घातले. बांधही मीच सरकविला." धाकट्याने "दादा, आत या" एवढेच म्हटले. ती बाई चुलीपाशी होती. माझे बोलणे तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मास्तर, मी क्षमा केली. पण पाणवठ्यावर ज्यांच्यासमोर माझे नाव गेले, त्यांच्यासमोर हे कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पाण्यास आल्या तेव्हा थोरल्याची बायको आपल्या जावेबरोबर तेथे गेली आणि तिची घागर तिने स्वतः भरून दिली. मी दूर उभा राहून मोठ्याने सांगितले की ह्या बाईवर आम्ही घातलेला आरोप खोटा होता, आणि तो पसरविण्यास माझी प्रार्थना कारण झाली. दोघी-तिघींनी ऐकले, बाकीच्या घागरी उचलून निघून गेल्या. पुढल्या रविवारी मी तेच मंडळीत सांगितले. मोजणी होऊन बांधाचा दगड पूर्वीच्या जागी बसण्यास मात्र आणखी एक उन्हाळा लागला.